किंमत उतरते, जबाबदारी उतरत नाही

शहापूरच्या अंगाशी असलेल्या नाक्याला गोवावेस म्हणतात. शहापूर आणि गोमंतक यांच्यातील देवघेवीचा सारा जुना इतिहास त्या एका नावात साठलेला आहे. पूर्वी सांगली संस्थानच्या अमलाखाली असलेले हे गाव विणकरांचे आणि सराफांचे. संस्थान गेले, शहापूर बेळगाव शहरात मिसळून गेले. तरी लग्नसराई जवळ आली की साडी-सोन्यासाठी घाट चढणारी गोव्यातील कुटुंबे आजही आहेत. ह्याच वाटेने आता आणखी एक वस्तू वर-खाली जाऊ लागली आहे, आणि ती म्हणजे वापरलेली मोटार. शहापूरच्या रस्त्यांवर कर्नाटकाच्या २२ क्रमांकाशेजारी कोल्हापूरचा ०९ आणि गोव्याचा ०३ वा ०७ उभा दिसला तर कोणासही नवल वाटत नाही. ह्या मोटारींतही एक जात अशी आहे की, तिच्या पायी तरुणांची झोप उडते आणि वडीलधाऱ्यांची चिंता वाढते. ती जात म्हणजे घरगुती रूपाची परंतु शर्यती बाण्याची वेगवान सेडान. त्या जातीच्या जुन्या मोटारीविषयी चार शब्द लिहिण्याची वेळ आली आहे असे आम्हास वाटते.

ह्या मोटारीचे आकर्षण तिच्या दुहेरी स्वभावात आहे. चार दारे, पाच माणसांची जागा, मागे सामानास भरपूर अवकाश. दुरून पाहिले तर एखाद्या डॉक्टरांची किंवा व्यापाऱ्याची सभ्य गाडी वाटावी. पण पायाखालची कळ दाबताच तिचे दुसरे रूप प्रकट होते. ज्या पिढीने प्रीमियर पद्मिनीच्या सुमारे ४० अश्वशक्तींवर संसार केला, घाट चढताना मध्येच थांबून बॉनेट उघडले आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतले, त्या पिढीला ह्या शक्तीची कल्पनाच करवणार नाही. त्या काळी वेगाची हौस बाह्यरूपावरच भागवावी लागे. १९८५ साली आलेली ‘स्टँडर्ड २०००’ आठवून पाहावी. शरीर ब्रिटिश रोव्हरचे, देखणे आणि धारदार. पोटात मात्र जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातले थकलेले इंजिन. काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. रूप आणि बळ यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचा तो धडा होता.

पुढे दिवस पालटले. २००४ साली स्कोडा कंपनीने ऑक्टेव्हियाची ‘आरएस’ आवृत्ती भारतात आणली, १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती. २०१७ साली तिची नवी पिढी २३० अश्वशक्ती घेऊन आली, तेव्हा तिची शोरूममधील किंमत २४.६२ लाख रुपये होती. २०२० साली २४५ अश्वशक्तीच्या केवळ २०० मोटारी भारतासाठी ठेवण्यात आल्या, प्रत्येकी ३५.९९ लाखांस. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीची जी आवृत्ती आली ती संपूर्ण आयात केलेली, संख्या अवघी १०० आणि किंमत ४९.९९ लाख. किमतीचा हा चढता आलेख पाहिला म्हणजे वापरलेल्या मोटारीकडे लोक का वळतात ते निराळे सांगावयास नको. पन्नास लाखांची नवी मोटार ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांना तिचीच थोरली बहीण बऱ्याच कमी पैशांत मिळते. बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज यांच्या जुन्या सेडानांचीही हीच कथा. लहानशा नव्या मोटारीच्या भावात एके काळची राजेशाही गाडी दारात उभी राहते. हा मोह खोटा नाही आणि त्याची कुचेष्टा करण्याचा आमचा हेतूही नाही. उत्तम यंत्राविषयी प्रेम वाटणे हा काही दुर्गुण नव्हे.

मात्र ह्या व्यवहाराच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो दूर होणे अगत्याचे आहे. मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते, तिची जबाबदारी उतरत नाही. विमा कंपन्यांचेच कोष्टक पाहा. मोटारीचे विमामूल्य ठरविताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात; त्यानंतर मूल्य उभयपक्षी ठरवावयाचे. म्हणजे पाच वर्षांत कागदावर मोटार अर्धी झाली. परंतु तिचा टर्बो अर्ध्या किमतीत मिळत नाही, तिचा गिअरबॉक्स अर्ध्या किमतीत दुरुस्त होत नाही, आणि तिचे रुंद टायरही नव्या मोटारीच्याच भावाने घ्यावे लागतात. उलट अपघातानंतर विम्याची भरपाई मागू जाता रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. जो ग्राहक पंचवीस लाखांची मोटार दहा लाखांस घेतो त्याने दहा लाखांची मोटार घेतलेली नसते; त्याने पंचवीस लाखांच्या मोटारीचा खर्च पत्करलेला असतो. हे एक वाक्य ज्याने मनावर कोरून ठेवले त्याची निम्मी फसवणूक टळली.

शहापूरचा सराफ दागिना हाती घेताच भाव बोलत नाही. तो आधी कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो. जुनी वेगवान मोटार घेणाऱ्यानेही हाच रिवाज पाळावा. पहिली कसोटी कागदाची. मोटारीची सेवा कोठे, किती किलोमीटरला आणि कोणत्या तारखेस झाली याची सलग नोंद हवी. मीटर मागे फिरवता येते, पण अनेक वर्षांच्या बिलांची साखळी बेमालूम रचणे अवघड असते. चासीवरील क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा. दोन्ही मूळ किल्ल्या मागाव्यात. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा पुरावा, म्हणजे फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र, हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेले दंड ‘परिवहन’ संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. तेवढे कष्ट तरी अवश्य घ्यावेत.

दुसरी कसोटी यंत्राची. मोटार पाहावयास जाताना इंजिन थंड असावे असा आग्रह धरावा. विक्रेत्याने आधीच ते तापवून ठेवले असेल तर तेथेच सावध व्हावे, कारण साखळीचा खडखडाट, धूर आणि अडखळणे हे दोष थंड इंजिनच बोलून दाखविते. किल्ली फिरवताच इंजिनाचा, एअरबॅगचा आणि ब्रेकचा असे सारे इशारादिवे क्षणभर पेटून विझले पाहिजेत. जो दिवा पेटतच नाही, त्याच्या तारा कोणी तरी तोडलेल्या असण्याचा संभव असतो. स्वयंचलित गिअर संथ गतीत, चढावर आणि मागे घेताना तपासावेत. झटका, थरथर किंवा विलंब जाणवला तर सौदा तेथेच थांबवावा. मोटारीच्या संगणकाला स्कॅनर लावून साठलेल्या दोषनोंदी वाचून घ्याव्यात. आदल्याच दिवशी साऱ्या नोंदी पुसल्या गेल्या असतील तर तीही एक नोंदच समजावी. टायरच्या अंगावरील चार आकडे वाचावयास शिकावे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सात-आठ वर्षांचे कडक झालेले रबर दोनशे अश्वशक्तीच्या मोटारीखाली विश्वासाचे नसते.

तिसरी कसोटी आपल्या भूमीची आहे आणि तीच बहुधा विसरली जाते. किनाऱ्यावरच्या मोटारीला खारा वारा लागतो. वरून रंग चकचकीत असला तरी दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानींच्या आतील कडा, ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सरचे टांगणे येथे गंज शांतपणे आपले काम करीत असतो. तेव्हा गोव्याची किंवा सिंधुदुर्गाची मोटार उचलणीवर चढवून खालून पाहिल्याखेरीज घेऊ नये. घाटावरच्या मोटारीला दुसरी भीती आहे, ती पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुराने सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतील कितीतरी वस्त्या बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर पुन्हा पाण्याखाली आले आणि कोकणात चिपळूणचा तर हाहाकार उडाला. अशा पाण्यात उभी राहिलेली मोटार धुऊनपुसून पुन्हा बाजारात येऊ शकते. तिचा पट्टा, म्हणजे सीटबेल्ट, शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ असेल तर ती रेघच मोटारीची खरी जन्मपत्रिका होय. जाजम उचलावे, जादा चाकाची खोबण तपासावी, आसनांखालील खिळ्यांचा गंज पाहावा. शेकडो विजेच्या जोडण्यांवर चालणारे हे यंत्र एकदा बुडाले की त्याचा भरवसा कोणीच देऊ शकत नाही.

मोटार घरी आली म्हणजे खरा संसार सुरू होतो. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याचा सारा जीव तेलाच्या पातळ थरावर अवलंबून असतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल, वर्षाकाठी किंवा ठरलेल्या किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा बदलावे. घाट चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद न करता मिनिटभर संथ चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या चक्राला तेलाचा गारवा मिळतो. २०१७ सालच्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये जो सहा गतींचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात. त्याचे तेल आणि गाळणी ६०,००० किलोमीटरला बदलावी लागते. ते काम एकदा चुकविणाऱ्या मालकाने वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम पुढचा मालक भरतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत हवा आत घेणाऱ्या झडपांवर काजळी साठते, कारण त्यांना धुऊन काढणारे पेट्रोल त्यांच्यावरून वाहतच नाही. ती काढण्यासाठी अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाने मारतात. असे खर्च नव्या मालकाच्या स्वप्नात कधीच नसतात.

ब्रेकच्या तेलाविषयी तर विशेष सांगितले पाहिजे, कारण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी ह्या वाटेने साखळीस उतरताना ती जवळजवळ सारी उंची ब्रेकांच्या उष्णतेत खर्च होते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या ‘डॉट ४’ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. मग उतारावर तापलेल्या ब्रेकांत वाफ धरते आणि पाय पोकळीत गेल्यासारखा खाली जातो. दर दोन वर्षांनी हे तेल बदलण्यास फारसा खर्च येत नाही. तो वाचविणे म्हणजे विहिरीवर दोर जुना ठेवून घागर सोन्याची घेण्यासारखे आहे.

इंधनाचाही प्रश्न आहे. २०२५ पासून देशभरातील पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. बेळगाव जिल्हा उसाचा, साखर कारखान्यांचा. तेव्हा इथल्या मळ्यांतला ऊसच एका अर्थी आता टाकीत येतो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या बहुतेक मोटारी १० टक्के मिश्रणाच्या हिशेबाने बनलेल्या आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून प्रतिलिटर अंतर काहीसे घटते. शिवाय ते पाणी धरते. तेव्हा जुनी मोटार महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नये, इंधनाच्या नळ्या आणि रबरी भाग प्रत्येक सेवेच्या वेळी पाहून घ्यावेत, आणि टाकीच्या झाकणावर कंपनीने काय लिहिले आहे ते एकदा तरी वाचावे.

आता प्रश्न येतो तो हे सारे करणार कोण. ह्या बाबतीत बेळगावची भूमी दरिद्री नाही. उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने, मशिनशॉप, हायड्रॉलिक यंत्रे बनविणारे उद्योग यांमुळे धातू समजणारी माणसे ह्या शहराने पिढ्यानपिढ्या घडविली आहेत. शेजारच्या कोल्हापूरचीही तीच कीर्ती. छत्रपती राजाराम महाराजांसाठी जर्मनीतून आलेली १९३६ सालची मेबॅक मोटार कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला आजही रस्त्यावर येते. त्या मोटारीचे सुटे भाग कोणत्या दुकानात मिळणार? ती चालते ती निगेवर, नेमावर आणि हाताच्या कसबावर. जुने यंत्र म्हणजे मोडके यंत्र असे नव्हे, हे तिने दाखवून दिले आहे. तथापि एक भेद लक्षात घ्यावा. मेबॅकचे इंजिन मेस्त्रीच्या कानाला आणि बोटांना आपले दुखणे सांगते. आजची वेगवान सेडान ते संगणकाच्या भाषेत सांगते. बुश, माउंटिंग, ब्रेकची तबकडी, रेडिएटरची गळती ही कामे गावचा चांगला मेस्त्री उत्तम करील. पण गिअरबॉक्सच्या विद्युत-नियंत्रकाला त्या कंपनीचे उपकरण आणि त्या उपकरणाचे शिक्षण लागते. म्हणून मोटार घेण्यापूर्वीच तिचे जाणकार सेवाकेंद्र किती अंतरावर आहे, आणि मोटार बंद पडल्यास तेथवर ती वाहून नेण्यास काय पडेल, याचा हिशेब करावा. विकत घेण्याच्या किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवणे शक्य नसेल, तर ती मोटार आपल्यासाठी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इथपर्यंत यंत्राची गोष्ट झाली. सीमाभागात मात्र दुसरी आणि अधिक नाजूक गोष्ट आहे ती नोंदणीची. एकाच बाजारपेठेत तीन राज्यांची माणसे वावरतात. त्यांची नाती, सोयरिकी, दुकाने एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यामुळे मोटारही भावाची, मेहुण्याची, मित्राची म्हणून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सहज येते आणि जुन्या नावावरच फिरत राहते. कर्नाटकाचा आजीवन मोटार-कर देशातील चढ्या करांपैकी एक आहे. २० लाखांवरील मोटारीस तो १८ टक्के असून वर उपकर निराळा. जुन्या मोटारीस वयानुसार त्यात सूट मिळते, तरी महागड्या मोटारीवर ती रक्कम जड वाटते आणि तो टाळण्याचा मोह होतो. कायदा काय सांगतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार परराज्यातील मोटार १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची झाल्यास नव्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो. कर्नाटक सरकारने ही मुदत कराच्या बाबतीत ३० दिवसांवर आणण्याचा प्रयत्न केला होता. तो उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द ठरविला. म्हणजे प्रवाशाला आणि पाहुण्याला संरक्षण आहे. पण ज्याने मोटार विकत घेऊन शहापुरात कायमची ठेवली तो पाहुणा नव्हे. त्याने मूळ राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे, नवा क्रमांक घ्यावा, कर भरावा आणि मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मागावा. हा सारा खर्च मोटारीच्या किमतीचाच भाग धरला पाहिजे.

नाव बदलण्याची मुदतही कायद्याने घालून दिली आहे. पन्नासाव्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यातील व्यवहार १४ दिवसांत आणि परराज्यातील व्यवहार ४५ दिवसांत कळवावयाचा असतो. घेणाऱ्याने ३० दिवसांत. कोरे फॉर्म २९ आणि ३० सही करून दलालाच्या हाती देणे आणि पैसे मोजून घरी जाणे ही आपल्याकडील रूढ पद्धत. तिच्या पोटात केवढे संकट आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालावरून कळते. त्या प्रकरणात मालकाने मोटार २००७ साली विकली होती. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ साली अपघात झाला, जीव गेला, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी कोणाची हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. न्यायालयाने सांगितले की, ज्याचे नाव नोंदणीत तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. आधाराविना झालेल्या माणसाला खरा खरेदीदार शोधत दारोदार फिरावयास लावता येणार नाही. आमच्या मते हा निकाल न्याय्य आहे. ज्या घरातला कर्ता माणूस रस्त्यावर पडला, त्या घराने पाच-पाच खरेदीदारांच्या तोंडी करारांचा शोध का घ्यावा?

म्हणून विकणाऱ्याने असे समजू नये की किल्ली दिली की सुटलो. आपल्या नावाची मोटार मध्यरात्री चोर्ल्याच्या वळणावर कोण चालवीत आहे हे त्याला ठाऊक नसते. पण समन्स त्याच्याच दारी येते. घेणाऱ्यानेही असे समजू नये की विमा चालू आहे, मग काळजी कसली. मोटार हस्तांतरित झाली म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्याने तिच्याबरोबर जातो. परंतु स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर पॉलिसी आपल्या नावावर करून घेणे आवश्यक आहे आणि त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. आधीच्या मालकाने मिळविलेली बोनसाची सवलतही मोटारीची नसून त्या माणसाची असते. व्यापाऱ्यामार्फत विकणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम उपकारक आहेत. अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात मोटार रीतसर कळवून दिली की तोच मानीव मालक ठरतो. अनोळखी दलालापेक्षा अशा व्यापाऱ्याकडे जाण्यात दोन पैसे कमी आले तरी झोप शांत लागते.

वेगवान मोटारींच्या बाबतीत आणखी एक रोग बळावला आहे. मूळचीच २३० अश्वशक्ती पुरेनाशी होते. मग इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून ती वाढविणे, सायलेन्सर काढून गल्लीची झोपमोड करणे, स्प्रिंगा कापून मोटार जमिनीला टेकविणे हे उद्योग सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निर्वाळा दिला आहे की, उत्पादकाने दिलेल्या मूळ घडणीशी विसंगत असे बदल वाहनात करता येणार नाहीत. कायदा बाजूस ठेवला तरी वाढीव शक्तीचा भार गिअरबॉक्सला, क्लचला आणि ब्रेकला सोसावा लागतो, आणि ते भाग मूळ शक्तीच्या हिशेबानेच बनलेले असतात. शिवाय असे बदल विमा कंपनीपासून लपविले तर भरपाईच्या वेळी तेच कारण पुढे येते. अशी छेडछाड झालेली मोटार कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

शेवटी वेगाविषयी. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे ब्रेकचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. हा निसर्गाचा नियम कोणत्याही कंपनीस मोडता आलेला नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. म्हणजे समोर म्हैस दिसली आणि पाय ब्रेकवर गेला एवढ्या अवधीत एक लहानसे अंगण ओलांडून झालेले असते. आमचे रस्ते शर्यतीचे मैदान नाहीत. त्यांच्यावर शाळेतून परतणारी मुले आहेत, उसाने भरलेल्या आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आहेत, पावसाळ्यात घाटात दाटणारे धुके आहे. चांगल्या मोटारीची शक्ती ओव्हरटेक सुरक्षितपणे आणि थोडक्यात पुरा करण्यासाठी आहे. गावातून जाताना ती पायाखाली झाकून ठेवण्यात चालकाची शोभा आहे.

जुनी वेगवान मोटार घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. उलट, जाणत्या हातात पडलेले असे यंत्र दहा-पंधरा वर्षे आनंद देते, आणि ते भंगारात जाण्यापेक्षा नीट राखले जाणे केव्हाही बरे. परंतु घेण्याच्या आदल्या रात्री कागदावर चार आकडे मांडावेत. मोटारीची किंमत, कर व नोंदणी, विमा, आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती. ह्या चौघांची बेरीज पेलत असेल तरच हात पुढे करावा. आणि व्यवहार पुरा झाला असे केव्हा समजावे? पैसे मोजले तेव्हा नव्हे, किल्ली मिळाली तेव्हाही नव्हे. नोंदणी पुस्तकावर आणि विम्याच्या कागदावर दोन्हीकडे नवे नाव चढले तेव्हा. सराफाच्या पेढीवरून आपण पक्की पावती घेतल्यावाचून उठत नाही. जिच्यात आपली मुले बसणार आहेत आणि जिच्यासमोरून दुसऱ्यांची मुले रस्ता ओलांडणार आहेत, त्या मोटारीच्या बाबतीत निदान तेवढी तरी दक्षता आपण दाखवावयास हवी.